पत्रांतून संसार करणारा सेनानी

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात नेल्सनची समाधी आहे. जगभरचे प्रवासी ती पाहून पुढे जातात. तिच्या शेजारीच आणखी एक साधी समाधी आहे, तिच्यापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. ती कथबर्ट कॉलिंगवुड यांची. शाळेच्या इतिहासात ट्रफाल्गारची लढाई ज्यांनी वाचली, त्यांना नेल्सन ठाऊक असतो. त्या दिवशी शत्रूच्या रांगेत प्रथम शिरलेले जहाज कोणाचे होते, नेल्सन पडल्यावर आरमाराची सूत्रे कोणी हाती घेतली आणि पुढची साडेचार वर्षे भूमध्य समुद्राची राखण कोणी केली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर कॉलिंगवुड हेच आहे. त्यांची ओळख येथे करून द्यायची ती मात्र या पराक्रमासाठी नव्हे. दोन मुलींचा बाप असलेल्या या माणसाने बापपण जवळजवळ सगळे कागदावरच निभावले, त्याची ही हकीकत आहे.

गोव्याच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. आपल्याकडे बार्देशात आणि सासष्टीत तारवट्यांची घरे गावोगाव आहेत. घरचा कर्ता पुरुष वर्षातले बहुतेक महिने बोटीवर, मुलांचे शिक्षण आईच्या हाती आणि बापाचा धाक पत्रातून, हे चित्र येथे पिढ्यान् पिढ्या पाहिलेले आहे. कॉलिंगवुड ज्या युद्धात लढले त्याचे पडसादही आपल्या किनाऱ्यावर उमटले होते. फ्रेंचांच्या भीतीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची कित्येक वर्षे इंग्रजांचे सैन्य गोव्यात मुक्काम ठोकून होते.

कॉलिंगवुड यांचा जन्म १७४८ साली इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल या बंदराच्या शहरी झाला. वडील व्यापारी होते, पण व्यापारात बरकत नव्हती. घराणे जुने, हाती पैसा थोडा, आणि मुलांना मार्गी लावायचे, अशा घरातील मुलगा त्या काळी आरमारात धाडला जाई. १७६१ साली बाराव्या वर्षी कथबर्ट ‘शॅनन’ या जहाजावर दाखल झाला. जहाजाचा कप्तान नात्यातला होता, एवढाच काय तो आधार. घराच्या आठवणीने तो पोर पहिल्या दिवसांत रडत बसला असता एका अधिकाऱ्याने त्याची मायेने विचारपूस केली. तेव्हा मुलाने त्याला आपल्या पेटीपाशी नेले आणि आईने बांधून दिलेल्या केकचा मोठा तुकडा कापून दिला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितलेली आहे. घरापासून दूर असलेल्या पोराला काय वाटते, हे पुढे सेनापती झाल्यावरही त्यांच्या ध्यानात राहिले. आपल्या जहाजावर येणाऱ्या लहान उमेदवारांच्या अभ्यासाकडे ते जातीने लक्ष देत.

उमेदवारी फार लांबली. वशिला नव्हता, श्रीमंती नव्हती. १७७५ साली अमेरिकेतील बंकर हिलच्या लढाईत सामील झाल्यावर त्यांना लेफ्टनंटचे पद मिळाले, तोवर ते २६ वर्षांचे झाले होते. पुढे वेस्ट इंडीजमध्ये नेल्सनशी त्यांची मैत्री जुळली. वयाने नेल्सन दहा वर्षांनी लहान, पण बढतीत सदैव एक पायरी पुढे. नेल्सनला वरची जागा मिळाली की त्याच्या रिकाम्या जागी कॉलिंगवुडांची नेमणूक व्हावी, असे लागोपाठ घडत गेले. या क्रमाने दोघांच्या मैत्रीत कधी कडवटपणा आला नाही, हे दोघांनाही भूषणावह होते. १७८० साली मध्य अमेरिकेतील सान हुआन नदीच्या मोहिमेत तापाने थैमान घातले. कॉलिंगवुडांच्या जहाजावरील २०० माणसांपैकी सुमारे १८० दगावली. स्वतः ते वाचले आणि खलाशांच्या आरोग्याविषयीची दक्षता तेव्हापासून त्यांच्या स्वभावाचा भाग झाली. त्यांची जहाजे स्वच्छ, कोरडी आणि हवेशीर असत.

शांततेच्या काळात, १७९१ च्या १६ जूनला, त्यांनी सारा ब्लॅकेट हिच्याशी विवाह केला. ती न्यूकॅसलच्या नगराध्यक्षाची मुलगी. नवरदेवाने चाळिशी ओलांडलेली होती. न्यूकॅसलच्या उत्तरेस मॉरपेथ या लहानशा गावी त्यांनी बिऱ्हाड मांडले. १७९२ साली थोरली सारा जन्मली, १७९३ साली धाकटी मेरी पेशन्स. घराला बाग होती, पलीकडे नदी होती. ‘बाउन्स’ नावाचा कुत्रा बरोबर घेऊन कॉलिंगवुड आसपासच्या टेकड्यांवर फिरायला जात, तेव्हा खिशात ओक वृक्षाच्या बिया असत. मोकळी जागा दिसली की ते एखादी बी मातीत दाबून पुढे जात.

या सवयीत भाबडेपणा नव्हता. इंग्रजांचे आरमार ओकच्या लाकडावर तरंगत होते. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या एका जहाजासाठी सुमारे ६,००० झाडे तोडावी लागली होती आणि त्यांतील बहुतेक ओकची होती. जहाजाच्या कामाचा ओक तयार व्हायला शंभर वर्षे लागतात. त्यामुळे आज लावलेली बी आपल्या उपयोगाची नाही, नातवंडांच्याही नाही, हे लावणाऱ्याला पक्के ठाऊक होते. शेजारच्या जमीनदारांनी ओक लावावेत म्हणून ते आग्रह धरीत.

हे सुख दीड-दोन वर्षांचेच ठरले. १७९३ च्या आरंभी फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि कॉलिंगवुडांना बोलावणे आले. तेव्हापासून मृत्यूपर्यंतच्या सतरा वर्षांत त्यांना घरी राहायला मिळाले ते सगळे मिळून सुमारे एक वर्ष.

१७९४ च्या १ जूनच्या लढाईत त्यांच्या जहाजाने चांगली कामगिरी केली, पण सेनापतीच्या अहवालात त्यांचे नाव आले नाही आणि सुवर्णपदकही मिळाले नाही. १७९७ साली सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत ‘एक्सलंट’ या जहाजाचे कप्तान म्हणून त्यांनी असा पराक्रम केला की त्यांना वगळणे कोणाला शक्यच नव्हते. या खेपेस पदक देऊ केले गेले, तेव्हा आधीचे पदक दिल्याशिवाय हे घेणार नाही असे त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे कळवले. दोन्ही पदके आली. त्यांच्या तोफखान्याचा सराव आरमारात दाखल्यासारखा सांगितला जाई. पाच मिनिटांत तीन सरबत्ती, आणि पुढे तर साडेतीन मिनिटांत तीन, हा वेग इतर जहाजांना साधत नसे.

तो वेग चाबकाच्या जोरावर आलेला नव्हता. खलाशाला फटके मारणे ही त्या काळची नित्याची गोष्ट होती. कॉलिंगवुडांच्या जहाजावर महिनेच्या महिने चाबूक बाहेर निघत नसे. अपराध्याच्या दारूत पाणी घालणे, त्याला जेवणाच्या पंगतीतून काही दिवस दूर ठेवणे, जास्तीचे काम लावणे, अशा शिक्षा ते देत. खलाशाशी अर्वाच्य बोलायचे नाही, त्याला नावाने हाक मारायची, अशी अधिकाऱ्यांना त्यांची सक्त ताकीद होती. हा गंभीर, मितभाषी, थोडासा तुटक वाटणारा माणूस चिडला तरी आवाज चढवीत नसे. खलाशी त्यांना वडिलांच्या जागी मानीत. स्वतःच्या मुलींपाशी राहता न आलेल्या बापाला हे सात-आठशे पोरांचे वडीलपण मिळाले होते.

१८०१ च्या जानेवारीतला एक प्रसंग त्यांच्या संसाराची सगळी कहाणी सांगतो. जहाज प्लिमथ बंदरात होते. भर हिवाळ्यात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास करून पत्नी आणि थोरली सारा भेटायला निघाल्या होत्या. त्या ज्या दिवशी पोहोचण्याचा संभव, नेमक्या त्याच दिवशी दुपारी तातडीने समुद्रावर निघण्याचा हुकूम आला. एका लष्करी खटल्याच्या कामामुळे निघायला संध्याकाळ झाली. रात्री आठपर्यंत किनाऱ्यावर थांबून वाट पाहायची, असे त्यांनी ठरवले. नेल्सनबरोबर जेवायला बसले असताना त्या दोघी आल्याची वर्दी मिळाली. ते पानावरून उठून धावतच धर्मशाळेत गेले. ती एक रात्र मिळाली. पहाटे निरोप घेऊन ते जहाजावर चढले. आपल्या सुखाची परमावधी त्या संध्याकाळी झाली, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे.

१८०२ साली तह झाला आणि त्यांना घर मिळाले. सुमारे वर्षभर ते मॉरपेथला होते. सकाळी मुलींचा अभ्यास घ्यायचा, दुपारी बागेत खणायचे, संध्याकाळी इतिहासाचे वाचन करायचे, असा त्यांचा दिवस जाई. बटाट्यांचे वाफे आणि नदीकाठची भिंत यांची त्यांना आरमाराइतकीच काळजी होती. १८०३ साली युद्ध पुन्हा पेटले. निघाले तेव्हा सारा दहा-अकरा वर्षांची होती, मेरी पेशन्स नऊ-दहा वर्षांची. त्यानंतर त्यांनी मुलींना पाहिले नाही.

१८०५ च्या २१ ऑक्टोबरला स्पेनच्या किनाऱ्यावर ट्रफाल्गारच्या भूशिराजवळ ती प्रसिद्ध लढाई झाली. इंग्रजांची मोठी जहाजे २७, फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. नेल्सनने आरमाराच्या दोन रांगा केल्या. एक स्वतःची, दुसरी कॉलिंगवुडांची. कॉलिंगवुड तेव्हा ५७ वर्षांचे होते. सकाळी त्यांनी शांतपणे दाढी केली, रेशमी पायमोजे घातले आणि हाताखालच्या अधिकाऱ्यालाही तसेच करायला सांगितले, कारण पायाला गोळी लागली तर शस्त्रवैद्याला रेशीम कापणे सोपे जाते. त्यांच्या ‘रॉयल सॉव्हरिन’ जहाजाच्या तळाला नुकतेच नवे तांब्याचे पत्रे ठोकले होते. ते वेगाने पुढे गेले आणि मागची जहाजे येऊन पोहोचेपर्यंत एकटेच शत्रूच्या गर्दीत लढत राहिले. शेवटी तीत डोलकाठ्या मोडून पडल्या, पण ‘सांता आना’ हे स्पॅनिशांचे प्रचंड जहाज शरण आले. कॉलिंगवुडांच्या पायाला जखम झाली होती. जखमींच्या यादीत त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही आणि पत्नीलाही ती गोष्ट कित्येक महिन्यांनी कळवली.

दुपारी नेल्सन गेला. जुना मित्र गमावल्याचे दुःख करायलाही सवड नव्हती, कारण लगेच वादळ उठले. लढाई संपताच नांगर टाकावेत अशी नेल्सनची इच्छा होती. कॉलिंगवुडांनी ती पाळली नाही, म्हणून तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्यावर टीका होत आली आहे. मोडक्या जहाजांचे नांगर आणि दोर धड होते की नाही, हा वाद जाणकारांत अजून मिटलेला नाही. वस्तुस्थिती एवढी की पकडलेल्या जहाजांपैकी चारच शेवटी जिब्राल्टरला पोहोचली, परंतु इंग्रजांचे स्वतःचे एकही जहाज बुडाले नाही. त्या धुमश्चक्रीतच जखमी स्पॅनिश कैद्यांना त्यांनी काडीझच्या गव्हर्नराकडे परत पाठवून दिले. शत्रूच्या शहरात या वागण्याची आठवण दीर्घकाळ राहिली.

राजाने त्यांना सरदारकी दिली. पार्लमेंटाने सालाना २,००० पौंडांचे निवृत्तिवेतन ठरवले, त्यांच्या पश्चात पत्नीला १,००० आणि प्रत्येक मुलीला ५००. कॉलिंगवुडांनी पैशाविषयी काही मागितले नाही. एक विनंती मात्र केली. आपल्याला मुलगा नाही, दोन मुली आहेत, तेव्हा ही पदवी मुलींच्या वंशात चालू राहावी. विनंती मान्य झाली नाही. ज्या राज्यासाठी त्यांनी मुलींचे बालपण गमावले, त्या राज्याच्या लेखी मुली वारस ठरल्या नाहीत. सरदारकी त्यांच्याबरोबरच संपली. पदवीची थट्टा मात्र त्यांनी मनापासून केली. बाउन्स आता सामान्यांच्या कुत्र्यांशी बोलायला तयार नाही, असे ते घरी लिहून कळवीत.

पुढची वर्षे भूमध्य समुद्रात गेली. काडीझ आणि तुलाँ या बंदरांबाहेर पहारा, सिसिलीच्या दरबाराशी वाटाघाटी, तुर्की सुलतानाशी बोलणी, १८०८ नंतर स्पेनच्या उठावाला मदत, हे सगळे एका माणसाच्या टेबलावर येई. एकदा तर सलग २२ महिने त्यांच्या जहाजाने नांगर टाकला नाही. कामाची वाटणी करणे त्यांना जमत नसे. प्रत्येक पत्र स्वतः लिहिण्याचा त्यांचा हट्ट असे आणि त्याचा भार प्रकृतीवर पडत गेला.

त्याच टेबलावर घरची पत्रे लिहिली जात. लढाईनंतरच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रात मुलींच्या शिक्षणाची सगळी योजना आहे. त्यांना भूमिती शिकवावी, कारण खरे काय आणि खऱ्यासारखे भासणारे काय, हे ओळखायला ते शास्त्र शिकवते. गणित आणि खगोलशास्त्र एवढे यावे की सृष्टीचा पसारा पाहून मन विस्तारेल. पुस्तके निवडून द्यावीत आणि एका वेळी दोन पुस्तके हाती देऊ नयेत. घेतलेला विषय पुरा झाल्यावरच दुसरा. फाटक्या वस्त्रातल्या सद्गुणाविषयी प्रेम आणि जरीच्या वस्त्रातल्या पोकळपणाविषयी तिटकारा त्यांच्यात रुजावा. मुलींना विणकाम, पियानो आणि थोडे फ्रेंच आले की शिक्षण संपले असे मानण्याच्या त्या काळात एक आरमारी अधिकारी मुलींसाठी भूमिती मागत होता. मुलींची पत्रे आली की तो हस्ताक्षरही तपासी. कोणाला लिहिलेले साधे पत्रही होईल तितके नेटके असावे, घाईने खरडू नये, हा त्यांचा उपदेश वारंवार येतो. हा उपदेश मुलींना कधी जाचक वाटला असेल. पण ज्याला लेकींच्या रोजच्या आयुष्यातले पत्राखेरीज काहीच दिसत नव्हते, त्याला त्या अक्षराच्या वळणातच त्यांचे वाढणे शोधावे लागत होते.

उलट दिशेनेही तेच घडत होते. सिसिलीत काढून घेतलेले आपले चित्र त्यांनी घरी पाठवले. ते पाहून घरच्यांना आनंद होण्याऐवजी धक्का बसला. हे आपले नव्हेत असे त्यांना वाटले. कॉलिंगवुडांनी समजूत घातली ती अशी, की घरून निघालेला तुकतुकीत चेहऱ्याचा गृहस्थ आता उरलेला नाही. चित्रकाराने उलट आपल्याला बरेच सजवले आहे, असे इकडची मंडळी म्हणतात. विनोदाच्या आडून ते एवढेच सांगत होते की तुम्ही मनात जपलेला माणूस मी आता राहिलो नाही. आपल्याच कुटुंबाला आपण अनोळखी झालो आहोत, ही खंत त्यांच्या शेवटच्या वर्षांतील पत्रांत पुनःपुन्हा डोकावते.

१८०८ साली पोटाचा विकार बळावला. त्यांनी घरी जाण्याची परवानगी मागितली. त्यांच्या जागी तेवढ्या योग्यतेचा माणूस मिळणे कठीण आहे, असे आरमार खात्याच्या मंत्र्याचे उत्तर आले. स्तुतीच्या वेष्टनात गुंडाळलेला तो नकार होता. आणखी आग्रह धरला असता तर कदाचित सुटका झाली असती. पण कर्तव्य आणि घर यांच्यात निवड करायची वेळ आली की घराच्या बाजूने जोर लावणे त्यांना कधी जमले नाही. १८०९ साली वीस वर्षांचा सोबती बाउन्स रात्री जहाजावरून समुद्रात पडून गेला. घराच्या टेकड्यांवर बरोबर हिंडलेला तो एकच जीव जहाजावर होता.

अखेर १८१० च्या मार्चमध्ये, उभे राहण्याचीही शक्ती उरली नाही तेव्हा, त्यांनी मिनोर्का बेटावरील माओन बंदरात सूत्रे खाली ठेवली. ६ मार्चला ‘व्हिल द पारी’ जहाजाने नांगर उचलला. आपण घरच्या वाटेला लागलो हे कळून त्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावरच त्यांचा अंत झाला. वय ६१. पन्नास वर्षांच्या नोकरीतील सुमारे ४४ वर्षे पाण्यावर गेली होती. थोरली सारा तेव्हा सतरा वर्षांची होती.

बापाची पत्रे मुलींनी जपून ठेवली. साराच्या पतीने ती संपादित करून १८२८ साली प्रसिद्ध केली, आणि रूक्ष समजल्या जाणाऱ्या सेनापतीचे अंतरंग लोकांना त्या पुस्तकातून प्रथम कळले. १८४५ साली टाइन नदीच्या मुखाशी टाइनमाउथ येथे त्यांचा भव्य पुतळा उभा राहिला. ‘रॉयल सॉव्हरिन’च्या चार तोफा त्याच्या पायथ्याशी आहेत.

त्यांनी पेरलेल्या ओकचे काय झाले? ती झाडे कामाला येण्याजोगी होईपर्यंत आरमार लोखंडाचे झाले. ओकचा तुटवडा मात्र त्यांच्या हयातीतच जाणवू लागला होता आणि त्यावरचा उपाय आपल्या किनाऱ्यावर निघाला. ज्या १८१० साली कॉलिंगवुड वारले, त्याच साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडिया यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे सागवानी युद्धजहाज पाण्यात उतरले. त्याच गोदीत १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ आजही तरंगते आहे, आणि योगायोग असा की ते न्यूकॅसलच्या दक्षिणेस, त्याच ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे ठेवलेले आहे.

मॉरपेथच्या परिसरात आणि हेथपूल या गावी कॉलिंगवुडांच्या नावाने ओळखले जाणारे ओक उभे आहेत. युद्धासाठी म्हणून लावलेली ती झाडे कुऱ्हाडीपासून वाचली आणि त्यांच्या सावलीत आता गावातली माणसे मुलाबाळांना घेऊन फिरतात.